बंदरावरची खाणावळ

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांकडे आपली दृष्टी प्रथम वळते, आणि ते साहजिकही आहे. परंतु एखाद्या गावी परका माणूस आला तर त्याला जेवावयास कोठे मिळत असे, त्याच्या पुढ्यात काय वाढले जाई आणि त्याच्या शेजारी कोण बसे, या साध्या प्रश्नांनाही इतिहास असतो. आम्ही भिलाईकर मराठी मंडळी समुद्रापासून दूर राहतो. केंद्र सरकारच्या चाकरीत असलेल्यांना चार वर्षांतून एकदा देशात कोठेही जाण्याची प्रवास-सवलत मिळते. तेव्हा आमचे शेजारी दुर्गहून थेट गाडीने पुरीस जातात. आमच्यापैकी अनेकांची पावले मात्र मालवणकडे वळतात. तेथे जेवावे कोठे आणि पाहावे काय, याची विचारपूस निघण्यापूर्वी पंधरा दिवस चाललेली असते. ज्या खाणावळीची आपण एवढ्या अगत्याने चौकशी करतो, ती त्या जुन्या बंदरात आली केव्हा आणि कोणत्या वाटेने, हे पाहण्याचा या लेखात विचार आहे.

मालवण या नावाची उपपत्ती दोन प्रकारे सांगतात. खाडीकाठच्या मिठागरांवरून, म्हणजे 'महालवण' या शब्दावरून ते आले, असे एक मत आहे. माडांच्या बनावरून आले, असे दुसरे. निर्णय भाषाशास्त्रज्ञांनी द्यावा. स्वयंपाकाच्या दृष्टीने दोन्ही मते खरी आहेत. नारळ आणि मीठ ही या गावच्या अन्नाची मूळ सामग्री होय. नारळाने कालवणास अंग दिले. मिठाने मासा टिकविला आणि पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना, घर चालविले. त्यांच्या जोडीला सह्याद्रीच्या उतारावरची कोकमे आणि तिरफळे, खाचरांतला भात आणि वरकस जमिनीतला कुळीथ. एवढ्या सामग्रीवर सामान्य कोकणी माणूस शतकानुशतके जेवत आला. त्यात सुबत्ता नव्हती, पण चव होती.

उरलेले पुष्कळ समुद्राने आणून दिले. आज मालवणी मसाल्याचे नाव घेताच तांबड्या मिरचीचा रंग डोळ्यांपुढे येतो. परंतु मिरची ही मूळची आपली नव्हे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले, आणि त्यानंतर त्यांच्या जहाजांतून अमेरिका खंडातील अनेक वनस्पती या किनाऱ्यावर उतरल्या. अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-इ-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्याची तपशीलवार माहिती दिली आहे; तीत मिरे आहे, मिरची नाही. मिऱ्याच्या तिखटाची सवय असलेल्या जिभेने नव्या फळास मिऱ्यावरूनच नाव दिले आणि त्याला आपलेसे केले. काजू, अननस, बटाटा, पाव हे शब्द पोर्तुगीजांकडूनच मराठीत आले. ओल्या काजूगराची उसळ आज आपण अस्सल कोकणी म्हणून मिटक्या मारीत खातो, तीही या अर्थाने परदेशी पाहुणीच. बंदराचा हा गुण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. परक्या मुलखातील फळास मालवणच्या चुलीने लगेच जागा दिली. परक्या माणसाला मात्र त्या चुलीजवळ जागा मिळण्यास पुढे फार काळ लागला.

मालवणचे नाव इतिहासात ठळक झाले ते सिंधुदुर्गामुळे. जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यावर वचक बसवावयाचा तर स्वतःचे आरमार आणि त्याला आश्रय देणारा भक्कम जलदुर्ग हवा, हे ओळखून शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली, आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हे त्याचे सोबती. दांडीच्या किनाऱ्यावरील ज्या खडकाजवळ आरंभीचे पूजन झाले असे परंपरा सांगते, तो 'मोरयाचा धोंडा' आजही दाखवितात. राजाराम महाराजांच्या काळी गडावर शिवराजेश्वराचे मंदिर झाले. तट आणि बुरूज पाहून प्रवासी थक्क होतो. आम्हांस मात्र गडावरच्या तीन विहिरी अधिक बोलक्या वाटतात. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशी त्यांची नावे. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याचे झरे, ही सोय नसती तर एवढ्या शिबंदीची चूल तेथे पेटलीच नसती. त्या पाण्याला दूध, दही आणि साखर म्हणणारा माणूस तहानेचे दुःख जाणणारा असला पाहिजे.

पुढे १७६५ साली इंग्रजांनी हा किल्ला घेऊन त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले; तो कोल्हापूरकरांकडे परत गेला, आणि १८१२ च्या तहाने मालवण अखेर इंग्रजांच्या हाती आले. आरमार गेले, बंदर राहिले. गलबते येत-जात, माल चढे-उतरे. मग या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पोटाची व्यवस्था काय होती? खलाशी आपल्या गलबतावरच भात शिजवी. व्यापारी आपल्या जातीच्या वा ओळखीच्या घरी उतरे. ज्याला तेही नाही, तो धर्मशाळेत तीन दगड मांडून शिधा शिजवी. पैसे टाकून कोणासही जेवता येईल अशी जागा त्या समाजाच्या कल्पनेतच बसत नव्हती. अन्न विकणे हे गृहस्थाला कमीपणाचे वाटे, आणि कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या पंक्तीस बसावे याचे निर्बंध इतके कडक होते की, खाणावळ निघाली असती तरी जातीजातींपुरती वेगळी काढावी लागली असती. कोकणातील आतिथ्य प्रसिद्ध आहे आणि ते खोटे नव्हते. पण त्याला उंबरठा होता, आणि गावातलीच कित्येक माणसे त्या उंबरठ्याबाहेर उभी असत.

खाणावळीचा जन्म झाला तो मालवणात नव्हे, मुंबईत. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढील अर्धशतकात लालबाग-परळ भागात गिरण्यांची दाटी झाली. कोकणची जमीन अपुरी आणि माणसे पुष्कळ. आगबोटीने माणसे मुंबईस जाऊ लागली. बायको-मुले गावी, आणि पुरुष मुंबईस गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत, पाळीपाळीने पथारी पसरणारा, असा संसाराचा नवा साचा तयार झाला. गावी 'चाकरमानी' म्हणून त्याची वाट पाहिली जाई, पोस्टमन मनिऑर्डर आणी, आणि गणपतीला व होळीला तो स्वतः येई. या माणसाला रोज दोन वेळ भात, आमटी आणि जमल्यास माशाचा तुकडा कोण देणार? ते काम चाळीतल्या बायकांनी पत्करले. आपल्या दहा फुटांच्या खोलीत, स्टोव्ह वा शेगडी पेटवून, महिन्याच्या बोलीवर त्या दहा-वीस माणसांचे जेवण करीत. कोणाचा नवरा आजारी, कोणाचा निवर्तलेला, कोणाचा पगार अपुरा. घरचा स्वयंपाक घराबाहेर विकण्याची ही सुरुवात गरजेतून झाली.

या बायकांचे नाव इतिहासात फारसे नोंदलेले नाही, म्हणून एका नोंदीचा येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खाणावळवाल्या स्त्रियांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांत बुडालेल्या या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देणे हे त्या मंडळाचे पहिले मोठे काम. जिच्या हातच्या जेवणावर गिरणी चालत होती, तिला बँकेने पतपात्र मानावयास इतकी वर्षे लागली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला; त्यातून ती गिरण्यांची दुनिया पुन्हा पूर्ववत् उभी राहिली नाही, आणि कित्येक चाकरमानी कायमचे गावी परतले. परंतु तोवर मुंबईकरांना मालवणी जेवणाची गोडी लागून चुकली होती. मालवणी बोलीलाही त्याच सुमारास रंगभूमीवर मान मिळाला; गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली आले आणि मच्छिंद्र कांबळींनी ते गाजविले. ज्या बोलीला आणि ज्या कालवणाला शहरात थोडे लाजून वागावे लागत होते, ती दोन्ही आता मिरवू लागली.

साहित्याच्या वाचकास येथे आणखी एका खाणावळीची आठवण होईल. मालवणास जाणारा प्रवासी ज्या कुडाळ स्टेशनावर उतरतो, त्या कुडाळ गावी चिं. त्र्यं. खानोलकरांच्या घरची खाणावळ होती. 'आरती प्रभू' या नावाने ज्यांची कविता आपण वाचतो, आणि 'जोगवा' हा ज्यांचा पहिला संग्रह १९५९ साली निघाला, ते खानोलकर ऐन उमेदीच्या वर्षांत ती खाणावळ सांभाळीत होते. त्या व्यवसायाने त्यांना संपन्नता दिली नाही. तालुक्याच्या गावची खाणावळ त्या काळी कशी चाले, किती उधारी राही आणि पदरात काय पडे, याचा अंदाज एवढ्यावरून येतो.

आता उंबरठ्याचा प्रश्न. मुंबईची खाणावळही आरंभी जातीची पाटी लावूनच चाले, हे विसरता येत नाही. तो उंबरठा एका दिवसात सरला नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य गणलेल्यांना खुल्या कराव्या असे ठरले. ठराव कागदावर राहू नये म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोकणातल्याच महाड येथे चवदार तळ्याचे पाणी हजारो अनुयायांसह प्राशन केले. रत्नागिरीत स्थानबद्धतेत असलेल्या वि. दा. सावरकरांनी सहभोजने घडविली, आणि १९३३ साली त्या गावी सर्व जातींच्या हिंदूंसाठी एकत्र उपाहारगृह निघाले. शेवटी १९५० च्या राज्यघटनेने पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नामनिर्देश करून, तेथे जातीच्या वा धर्माच्या कारणाने कोणास मज्जाव करता येणार नाही असे सांगितले. १९५५ साली अस्पृश्यता हा गुन्हा मानून शिक्षा ठरविणारा कायदा झाला. उपाहारगृहाचे नाव देशाच्या घटनेत यावे, ही गोष्ट वरवर चमत्कारिक वाटते. पण वरचा इतिहास पाहिल्यावर ती किती आवश्यक होती हे कळते.

आम्हां भिलाईकरांस हे समजावयास सोपे जावे. आमच्या गावाला जुनी पंगतच नाही. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत देशाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, उडिया, मल्याळी, पंजाबी, मराठी अशी माणसे अल्पावधीत येथे लोटली. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यास कँटीन चालविणे भाग पाडता येत असे. त्या कँटीनच्या बाकावर बसताना शेजाऱ्याची जात विचारण्याइतका वेळ पाळी बदलणाऱ्या माणसास नसतो. किनाऱ्यावरच्या गावाला जे शिकावयास शतके लागली, त्याची सुरुवात येथे कायद्याने आणि घाईने करून दिली. मने कितपत बदलली हा निराळा विषय आहे.

मालवणात खाणावळ परत आली ती रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या मागोमाग. आगबोटी बंद पडल्या, एस. टी. गाडी हाच आधार उरला. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि १९९८ पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. २०२१ मध्ये चिपी येथे विमानतळही झाला. पाहुण्यांना उतरावयास आणि जेवावयास जागा हवी. ती प्रथम घरांनीच दिली. पडवीत दोन टेबले मांडली, माडीवरच्या खोल्या झाडल्या, आणि 'निवास व न्याहारी'ची पाटी लागली. जी बाई आजवर घरच्यांसाठी वाटप वाटीत होती, तीच आता त्यासाठी पैसे घेऊ लागली. मुंबईच्या चाळीत गरजेपोटी जे सुरू झाले, ते असे फिरून मूळ गावी पोचले.

जाणाऱ्यांच्या सोयीसाठी थोडे तपशील. भिलाईहून मुंबई सुमारे अकराशे किलोमीटर. तेथून कोकण रेल्वेने कुडाळ, आणि पुढे रस्त्याने सुमारे तीस किलोमीटरवर मालवण. किल्ल्यावर होडीने जावे लागते, आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात, हे लक्षात ठेवावे. रामेश्वराचे देऊळ, चिवल्याची वेळ, तारकर्लीचा किनारा आणि देवबागचा कर्ली नदीचा संगम ही ठिकाणे सर्वांस ठाऊक आहेत. ताटाविषयी एवढेच सांगतो की, सुरमई आणि पापलेट यांच्यापलीकडेही मालवण आहे. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, तिसऱ्यांचे सुके, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याचे सांबार, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे आणि खापरोळी, आणि जत्रेतला गुळाचा खाजा, हे पदार्थ मागून घ्यावे. घावणे पाहताच आमच्या घरातील मुले त्याला 'चीला' म्हणतात, आणि त्यांचे चुकत नाही. छत्तीसगढही भाताचाच मुलूख. तांदळाच्या पिठाचा पातळ पोळा दोन्हीकडच्या गृहिणींना आपापला सुचलेला आहे.

या सगळ्या व्यवहाराचा पाया मात्र खाणावळीत नाही, बंदरावर आहे. रापण ओढताना ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा, ही मालवणच्या मच्छीमारांची जुनी रीत. गाबीत आणि इतर किनारी समाजांनी या रीतीवर पिढ्या काढल्या. पुढे यंत्राच्या मोठ्या नौका आणि पर्ससीनची जाळी आली, थवेच्या थवे एका खेपेस उचलले जाऊ लागले, आणि रापणीच्या वाट्याला कमी येऊ लागले. यावरून या किनाऱ्यावर तीव्र संघर्ष झाले. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा. पर्ससीनवर कडक निर्बंध २०१६ मध्ये आले, आणि प्रखर दिवे लावून मासे पकडण्यास केंद्र सरकारने २०१७ मध्ये मनाई केली. कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांत अंतर असते, हे कचेरीत बसणाऱ्यास निराळे सांगावयास नको. दुसरीकडे १९८७ साली मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटरचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पोवळी आणि मासे राखावे हा हेतू स्तुत्य. पण त्या पाण्यावर पोट असणाऱ्यांस आपलीच वाट अडविली जाईल अशी धास्ती वाटली, आणि त्यांनी विरोध केला. समुद्र राखावयाचा तर तो मच्छीमारास सोबत घेऊनच राखला पाहिजे, एवढे या वादातून निश्चित निघते.

पाहुणे वाढतात तसा माशाचा खप वाढतो, आणि सर्वांना बारमाही सुरमईच हवी असते. जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी असते; तेव्हाही ताटात मोठा मासा हवाच असा हट्ट धरला तर तो कोठून तरी बर्फात घालून आणावा लागणार. असे होत गेले तर मालवणात मालवणचा मसाला राहील आणि मासा परगावचा होईल. हे टाळणे काही अंशी जेवणाऱ्याच्या हाती आहे. आज बंदरावर काय आले आहे, हे विचारून तेच मागावे. पेडवे आले असतील तर पेडवे खावे. पावसाळ्यात गेलो तर सुका बांगडा आणि कुळथाची पिठी यांत समाधान मानावे. त्या गावाची माणसे पावसाळ्यात तेच खात आली आहेत.

'येवा, कोकण आपलाच असा' हे निमंत्रण आता सर्वत्र ऐकू येते. त्यातील 'आपला' हा शब्द सहज मिळालेला नाही. चवदार तळ्यावर उभ्या राहिलेल्यांनी, चाळीच्या खोलीत वीस माणसांचा भात शिजविणाऱ्या बायकांनी, आणि पहाटे दोर खांद्यावर घेणाऱ्या रापणकरांनी तो मिळवून दिला आहे. आम्ही दूरची माणसे चार वर्षांतून एकदा तेथे जातो, जेवतो आणि बिल देऊन निघतो. त्या बिलात या साऱ्यांचे देणे धरलेले नसते. निदान पान वाढले जात असताना त्यांची आठवण ठेवावी, आणि शेजारच्या बाकावर कोणी अनोळखी येऊन बसला तर थोडे सरकून त्यास जागा द्यावी.